आइस हॉकीतील सर्वश्रेष्ठ गोलवीर कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किनने वेन ग्रेट्झ्कीचा गोलांचा विक्रम मोडला आणि तेव्हापासून या विषयावरील प्रश्नांचा ओघ वाढला आहे. त्यांतील वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे आकडे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, साखळी सामन्यांचे असून ते २०२४-२५ च्या हंगामाअखेरपर्यंतचे आहेत.

१. आपण शाळेत खेळलो ती हॉकी आणि ही हॉकी यांत फरक काय?

ध्यानचंदांची हॉकी मैदानावर चेंडूने खेळली जाते. ही हॉकी बर्फावर, स्केट घालून आणि पक नावाच्या कडक रबरी चकतीने खेळली जाते. एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात आणि सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे अगदी लहान असतो आणि त्याचा बराचसा भाग गोलरक्षक व्यापून टाकतो. दमछाक इतकी होते की खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट खेळून बाकावर परततात, त्यामुळे नामांकित आक्रमकसुद्धा साठ मिनिटांपैकी सुमारे वीस मिनिटेच बर्फावर असतो. पुढील सर्व आकडे वाचताना ही वीस मिनिटे ध्यानात ठेवावीत. भारतात हा खेळ प्रामुख्याने लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवर खेळला जातो.

२. सर्वाधिक गोल कोणाच्या नावावर आहेत?

वॉशिंग्टन कॅपिटल्सचा रशियन खेळाडू अलेक्झांडर ओवेच्किन याच्या नावावर. ४ एप्रिल २०२५ रोजी शिकागोविरुद्ध त्याने ग्रेट्झ्कीच्या ८९४ गोलांची बरोबरी केली आणि दोनच दिवसांनी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध, इल्या सोरोकिन या आपल्याच देशाच्या गोलरक्षकाला चकवून, ८९५ वा गोल केला. ग्रेट्झ्की त्या वेळी प्रेक्षागृहात उपस्थित होता. कॅपिटल्सने तो सामना ४-१ असा गमावला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. ओवेच्किनने तो हंगाम ८९७ गोलांवर संपवला आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सेंट लुईसविरुद्ध ९०० चा टप्पा गाठला; तेथवर पोहोचलेला तो पहिलाच खेळाडू आहे.

त्याच्या मागे ग्रेट्झ्की (८९४), गॉर्डी होव (८०१), यारोमिर यागर (७६६), ब्रेट हल (७४१), मार्सेल डिऑन (७३१) आणि फिल एस्पोझिटो (७१७) हे येतात.

३. आकडा स्पष्ट आहे, तर वाद कशाचा?

सर्वाधिक गोल कोणाचे, हा मोजणीचा प्रश्न आहे. सर्वश्रेष्ठ गोलवीर कोण, हा तुलनेचा. तेंडुलकरच्या १५,९२१ कसोटी धावा आणि ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी यांवर ज्यांनी चहा थंड होईपर्यंत वाद घातला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. आइस हॉकीत त्यात आणखी एक गुंता आहे. क्रिकेटमध्ये धावांचे मोल काळानुसार बदलते, पण बेताने. आइस हॉकीत गोलांचे मोल वीस-पंचवीस वर्षांत इतके बदलले की १९८२ मधील गोल आणि २००४ मधील गोल यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे त्या दोन वर्षांतील रुपया सारखाच मानण्यासारखे आहे. या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

४. गोल नेमका कोणाच्या नावावर धरतात आणि कोणते गोल मोजत नाहीत?

पक गोलात जाण्यापूर्वी आक्रमक संघातील ज्या खेळाडूचा त्याला शेवटचा स्पर्श झाला, गोल त्याचा. लांबून मारलेला फटका गोलासमोर उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या काठीला निसटता लागून आत गेला, तर श्रेय त्या सहकाऱ्याला मिळते. फुटबॉलमधील स्वयंगोल ही कल्पना येथील नोंदींत नाही: बचाव करणाऱ्याने चुकून स्वतःच्याच गोलात पक ढकलला, तरी गोल प्रतिस्पर्ध्यांपैकी ज्याने पकला शेवटचा स्पर्श केला त्याच्या नावावर चढतो. याच नियमामुळे २८ नोव्हेंबर १९७९ रोजी आयलंडर्सचा गोलरक्षक बिली स्मिथ हा एनएचएलमध्ये गोल नोंदवलेला पहिला गोलरक्षक ठरला. पक अडवून तो जागेवरच उभा होता. समोरच्या संघाने जादा आक्रमक उतरवण्यासाठी आपला गोलरक्षक बाहेर काढला होता आणि त्यांच्याच खेळाडूचा चुकलेला पास स्वतःच्या रिकाम्या गोलात गेला.

सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टी शॉटवरील गोल मोजला जातो. बरोबरी सोडवण्यासाठी २००५-०६ पासून सुरू झालेल्या शूटआउटमधील गोल खेळाडूच्या खात्यात जमा होत नाहीत. बाद फेरीतील, म्हणजे प्ले-ऑफमधील गोलांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते (प्रश्न १२ पाहा) आणि इतर लीगमधील गोल एनएचएल मोजत नाही (प्रश्न ९ आणि १३ पाहा).

५. ग्रेट्झ्कीला ‘द ग्रेट वन’ म्हणतात. मग सर्वश्रेष्ठ गोलवीरही तोच नव्हे काय?

सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले, तर त्यावर फारसे कोणी हरकत घेणार नाही. गोलांसाठी दिलेले त्याचे पासच १,९६३ आहेत. त्याचा एकही गोल धरला नाही, तरी उरलेला आकडा दुसऱ्या क्रमांकावरील यागरच्या गोल आणि पास मिळून होणाऱ्या १,९२१ गुणांपेक्षा मोठा भरतो. अशा खेळाडूला ‘गोल करणारा’ म्हणणे हे लता मंगेशकरांना ‘वरच्या पट्टीतल्या गायिका’ म्हणण्याइतके अपुरे आहे.

तरीही गोलवीर म्हणून त्याचा दावा हलका नाही. १९८१-८२ मध्ये त्याने ८० सामन्यांत ९२ गोल केले आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. त्याच हंगामात ५० गोलांचा टप्पा त्याने केवळ ३९ सामन्यांत गाठला. ३० डिसेंबर १९८१ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध हव्या असलेल्या पाच गोलांपैकी शेवटचा त्याने रिकाम्या गोलात मारला. १९८३-८४ मध्ये त्याने ७४ सामन्यांत ८७ गोल केले.

मात्र त्याची कारकीर्द दोन असमान तुकड्यांची आहे. एडमंटनमध्ये ६९६ सामन्यांत ५८३ गोल; १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्यानंतरच्या ७९१ सामन्यांत ३११. शेवटच्या हंगामात, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने ९ गोल केले. ओवेच्किनने पायाचे हाड मोडून १६ सामने हुकल्यानंतरही ३९ व्या वर्षी ६५ सामन्यांत ४४ गोल केले. ग्रेट्झ्की वयानुसार पास देणारा होत गेला. ओवेच्किन शेवटपर्यंत गोल करणाराच राहिला.

६. १९८० च्या दशकात इतके गोल का होत होते?

१९८१-८२ च्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सुमारे ८ गोल होत. २००३-०४ पर्यंत ही सरासरी पाचाच्या थोडी वर इतकी खाली आली. कारणे अनेक आहेत, पण माझ्या मते सर्वांत मोठे कारण गोलरक्षक हे आहे.

त्या काळचा गोलरक्षक बहुधा उभ्याने पक अडवत असे आणि शंभर फटक्यांपैकी साधारण ८७ अडवत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पॅट्रिक रुआ या माँट्रियलच्या गोलरक्षकाने गुडघे बर्फावर टेकून दोन्ही पाय बाजूंना पसरण्याची ‘बटरफ्लाय’ शैली रुजवली. गोलाचा खालचा भाग, जेथून सर्वाधिक गोल होतात, तो या शैलीने बंद होतो. त्यातच पॅड हलके आणि मोठे झाले, गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक आले आणि २०१० च्या दशकात शंभरातील ९१ पेक्षा अधिक फटके अडवले जाऊ लागले. आकडा लहान दिसतो, परंतु आक्रमकाच्या बाजूने पाहिले तर पूर्वी शंभर फटक्यांत १३ गोल मिळत आणि २०१० च्या दशकात ९ देखील मिळत नव्हते.

दुसरे कारण संघसंख्येचे आहे. १९६७ पर्यंत केवळ सहा संघ होते. त्या वर्षी ते बारा झाले आणि १९७९ मध्ये एकवीस. खेळाडूंचा पुरवठा तितक्या वेगाने वाढला नाही, त्यामुळे दुबळ्या संघांच्या बचावात मोठी भगदाडे होती. पुढे स्वीडन, फिनलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघातील खेळाडू मोठ्या संख्येने आले, प्रशिक्षक बचावाचा काटेकोर आराखडा आखू लागले आणि ही भगदाडे बुजली.

७. वेगवेगळ्या काळांतील गोलांची तुलना कशी करावी?

सर्वांत सोपी रीत म्हणजे खेळाडूचे गोल त्या हंगामातील सामन्यामागच्या सरासरी गोलांशी ताडून पाहणे. ग्रेट्झ्कीचे ९२ गोल आले तेव्हा सरासरी सुमारे ८ होती. ओवेच्किनने २००७-०८ मध्ये ८२ सामन्यांत ६५ गोल केले तेव्हा ती सुमारे साडेपाच होती. ६५ ला ८ ने गुणून साडेपाचाने भागले, तर सुमारे ९४ किंवा ९५ येतात. सामन्यांची संख्या ८२ वरून ८० वर आणली, तर साधारण ९२. म्हणजे काळाचा फरक वजा केल्यावर हे दोन हंगाम जवळजवळ तुल्यबळ ठरतात.

या रीतीचा दोष असा की सरासरी घसरली म्हणजे सर्वांचे गोल एकाच प्रमाणात घसरले, असे ती गृहीत धरते. वास्तवात आघाडीच्या खेळाडूला बर्फावर किती वेळ मिळतो, पॉवर-प्ले किती मिळतात (प्रश्न १०) आणि काठ्या कशा आहेत, यांवरही बरेच अवलंबून असते. ओवेच्किनच्या हातात हलकी, लवचिक संमिश्र धाग्यांची काठी आहे. होवने लाकडी काठीने खेळून ८०१ गोल केले. अगदी जुन्या काळाला तर हे गणित लागूच पडत नाही. १९१७-१८ च्या पहिल्या हंगामात ज्यो मॅलोनने २० सामन्यांत ४४ गोल केले, पण तेव्हा पुढे पास देण्यास मनाई होती, खेळाडू जवळजवळ पूर्ण सामना बर्फावर असत आणि माँट्रियलमधील प्रेक्षागृह जळाल्यानंतर लीगमध्ये तीनच संघ उरले होते. तो खेळ जवळजवळ वेगळाच होता.

म्हणून मला दुसरी, अधिक रांगडी कसोटी जास्त पटते: आपल्या काळातील इतर सर्वांना त्याने किती हंगामांत मागे टाकले? मॉरिस रिशार, होव आणि ग्रेट्झ्की प्रत्येकी पाच हंगामांत सर्वाधिक गोल करणारे ठरले, एस्पोझिटो सहा, बॉबी हल सात आणि ओवेच्किन नऊ. रिशार, होव आणि बॉबी हल यांची स्पर्धा बहुतांश काळ सहा संघांतील खेळाडूंशी होती, तर ओवेच्किनची तीस आणि पुढे एकतीस संघांशी. येथे समायोजनाची गरज नाही, कारण त्या वर्षीचा गोलरक्षक, त्या वर्षीची काठी आणि त्या वर्षीचे नियम सर्वांना सारखेच होते.

८. दर सामन्यामागील गोल पाहिले तर माइक बॉसी पहिला येतो. त्याला डावलले का जाते?

डावलले जाऊ नये. आधुनिक काळात दीर्घ कारकीर्द केलेल्या खेळाडूंत आयलंडर्सचा माइक बॉसी ७५२ सामन्यांत ५७३ गोल, म्हणजे सामन्यामागे ०.७६ गोल करून सर्वांच्या पुढे आहे आणि मारिओ लेमिऊ ९१५ सामन्यांत ६९० गोलांसह (०.७५) त्याच्या पाठीला पाठ लावून आहे. ग्रेट्झ्की आणि ओवेच्किन दोघेही ०.६० च्या आसपास आहेत. योगायोग असा की ओवेच्किनचा विक्रमी गोल त्याच्या १,४८७ व्या सामन्यात झाला आणि ग्रेट्झ्कीची संपूर्ण कारकीर्दही नेमकी १,४८७ सामन्यांची होती.

बॉसीने पदार्पणात ५३ गोल केले आणि सलग नऊ हंगामांत पन्नाशी ओलांडली. सलग नऊ वेळा हे दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. दहाव्या हंगामात पाठीच्या दुखण्याने त्याला ६३ सामन्यांत ३८ गोलांवर थांबवले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. गोलासमोर पक काठीवर आला की तो तात्काळ सुटत असे.

परंतु सरासरीची एक खोड आहे: जो लवकर थांबतो, त्याला उतरतीचा काळ मोजावा लागत नाही. बॉसी ७५२ सामने खेळला, तर ग्रेट्झ्कीने ६०० गोल ७१८ सामन्यांत आणि लेमिऊने ७१९ सामन्यांत पूर्ण केले होते. म्हणजे बॉसीइतकेच सामने खेळून दोघे थांबले असते, तर सरासरीच्या यादीत बॉसी तिसरा असता.

लेमिऊबद्दल मात्र ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न टाळता येत नाही. १९९२-९३ मध्ये हॉजकिन्स या लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी त्याने किरणोपचार घेतले, २ मार्च १९९३ रोजी शेवटचा उपचार घेऊन त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियात खेळून गोल केला आणि तो हंगाम ६० सामन्यांत ६९ गोलांवर संपवला. निव्वळ कौशल्य तोलायचे असेल, तर माझे पारडे लेमिऊकडे झुकते.

९. गॉर्डी होवचे एकूण ९७५ गोल आहेत असे वाचले. मग तोच पहिला नव्हे काय?

हा आकडा खरा आहे, पण तो दोन लीगची बेरीज आहे. होवने एनएचएलमध्ये १,७६७ सामन्यांत ८०१ गोल केले आणि १९७३ पासून सहा हंगाम प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये खेळून आणखी १७४ गोल केले. १९७९ मध्ये ती लीग बंद पडली, तिचे चार संघ एनएचएलमध्ये आले, पण तिचे विक्रम आले नाहीत. याच न्यायाने ग्रेट्झ्कीचे तेथील ४६ आणि बॉबी हलचे ३०३ गोलही अधिकृत यादीबाहेर आहेत. दोन्ही लीग एकत्र धरल्यास ग्रेट्झ्की ९४० आणि हल ९१३ वर जातो आणि होव या दोघांच्याही पुढे राहतो.

त्या लीगचा दर्जा किंचित कमी होता, हे बहुतेक जाणकार मान्य करतात. परंतु होवच्या बाजूने असेही म्हणावे लागते की त्याने एका हंगामात कधीही ५० गोल केले नाहीत (सर्वाधिक ४९, १९५२-५३ मध्ये) आणि तरीही तो या यादीच्या वरच्या टोकाला आहे. हंगाम ७० सामन्यांचे होते, गोल दुर्मिळ होते आणि तो ५२ व्या वर्षापर्यंत खेळला. शेवटच्या हंगामातही ८० पैकी ८० सामने आणि १५ गोल.

१०. ओवेच्किनचे बरेच गोल पॉवर-प्लेवरचे आणि रिकाम्या गोलातले आहेत. ते धरावेत का?

प्रतिस्पर्धी खेळाडू नियमभंगासाठी दोन मिनिटे दंडपेटीत बसला की समोरच्या संघाला मिळणाऱ्या संख्याधिक्याला पॉवर-प्ले म्हणतात. ओवेच्किनच्या ८९७ पैकी ३२५ गोल अशा वेळी झालेले आहेत आणि हा वेगळा विक्रमच आहे. ८९५ वा गोलही पॉवर-प्लेवरच, टॉम विल्सनच्या पासवर झाला.

तथापि या गोलांत एक गंमत आहे. उजव्या हाताने मारणारा ओवेच्किन गोलासमोर डावीकडे बर्फावर आखलेल्या वर्तुळाजवळ उभा राहतो, पलीकडून पास येतो आणि तो पक न थांबवता थेट मारतो. चाहते त्या जागेला त्याचे ‘ऑफिस’ म्हणतात. तो तेथे उभा राहणार हे समोरच्या प्रत्येक खेळाडूला, प्रशिक्षकाला आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकालाही ठाऊक असते; वीस वर्षे ते सर्वांना ठाऊक होते आणि वीस वर्षे गोल होत राहिले. शिवाय २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात संघाला सामन्यामागे सुमारे तीनच पॉवर-प्ले मिळत होते, जे १९८० च्या दशकाहून बरेच कमी आहेत.

ग्रेट्झ्कीचे ८९४ गोल फोडले तर समसंख्येतील ६१७, पॉवर-प्लेवरील २०४ आणि आपल्या संघाचे खेळाडू कमी असतानाचे ७३ असे येतात. हा ७३ चा आकडाही विक्रमच आहे. समसंख्येतील गोल हीच कसोटी मानणाऱ्यांना ग्रेट्झ्की पुढे दिसेल आणि हा ओवेच्किनविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, असे मी मानतो. रिकाम्या गोलाचा आक्षेप त्यामानाने पोकळ आहे, कारण त्या यादीत ओवेच्किनच्या आधी ५६ गोलांसह पहिला होता तोही ग्रेट्झ्कीच.

११. ‘५० सामन्यांत ५० गोल’ ही काय भानगड आहे, आणि कॅम नीलीचे नाव त्या यादीत का नाही?

१९४४-४५ मध्ये माँट्रियलच्या मॉरिस ‘रॉकेट’ रिशारने ५० सामन्यांच्या हंगामात ५० गोल केले. २८ डिसेंबर १९४४ रोजी दिवसभर घर बदलण्यासाठी सामान वाहून थकलेल्या रिशारने संध्याकाळी डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल आणि तीन पास अशी कामगिरी केली. युद्धामुळे अनेक चांगले खेळाडू सैन्यात होते, म्हणून या विक्रमाचे मोल कमी लेखणारे तेव्हाही होते, आणि पुढील हंगामात त्याचे गोल २७ वर आल्याने त्यांना जोर चढला. पण १९४६-४७ मध्ये सर्वजण परतलेले असताना त्याने ६० सामन्यांत ४५ गोल करून उत्तर दिले. ५०० गोल करणारा पहिला खेळाडूही तोच (१९ ऑक्टोबर १९५७). हंगामातील सर्वाधिक गोलांसाठीचे पारितोषिक १९९८-९९ पासून त्याच्याच नावाने दिले जाते.

या पराक्रमाची पुनरावृत्ती होण्यास ३६ वर्षे लागली. बॉसीने १९८०-८१ मध्ये पन्नासाव्या सामन्याच्या शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून ती केली. त्यानंतर ग्रेट्झ्की (तीनदा), लेमिऊ आणि ब्रेट हल (दोनदा) यांनी हे साधले.

नीलीची अडचण अशी की गणना संघाच्या पहिल्या पन्नास सामन्यांवर होते, खेळाडूच्या नव्हे. बोस्टनच्या कॅम नीलीने १९९३-९४ मध्ये, दुखापतग्रस्त पायाला विश्रांती देत देत, स्वतःच्या ४४ व्या सामन्यात पन्नासावा गोल केला, पण तोपर्यंत त्याचा संघ पन्नासाहून कितीतरी अधिक सामने खेळून गेला होता. नियम अन्यायकारक आहे, असे माझे मत आहे, पण यादी त्या नियमानेच चालते.

१२. प्ले-ऑफचे गोल मिळवले तर काय चित्र दिसते?

ग्रेट्झ्की पुन्हा पुढे जातो. प्ले-ऑफमधील त्याचे १२२ गोल हा विक्रम असून साखळी सामने धरून त्याची बेरीज १,०१६ होते. ओवेच्किनचे प्ले-ऑफ गोल २०२५ च्या वसंतापर्यंत ऐंशीच्या आत होते. कॅपिटल्सने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, एकदाच, २०१८ मध्ये जिंकला आणि तेव्हा प्ले-ऑफचा सर्वोत्तम खेळाडू ओवेच्किन ठरला. बॉसीने मात्र चार कप (१९८० ते १९८३) जिंकताना १२९ प्ले-ऑफ सामन्यांत ८५ गोल केले. साखळी आणि बाद फेरी यांतील तफावत त्याच्याइतकी कमी फार थोड्यांत आढळते.

१३. सोव्हिएत आणि युरोपीय खेळाडूंचा विचारच होत नाही. हा पक्षपात नव्हे काय?

काही अंशी आहे. बोरिस मिखाइलोव्हने सोव्हिएत लीगमध्ये चारशेहून अधिक गोल केले, पण त्या पिढीला देशाबाहेर व्यावसायिक हॉकी खेळण्याची मुभाच नव्हती. सेर्गेई मकारोव्ह १९८९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी एनएचएलमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. इतक्या अनुभवी खेळाडूला ‘नवोदित’ म्हणणे हास्यास्पद वाटल्यामुळे त्यानंतर त्या पारितोषिकाला २६ वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. चेक खेळाडू यागरनेही २००८ ते २०११ ही तीन वर्षे रशियात घालवली. ते हंगाम एनएचएलमध्ये खेळला असता, तर होवला गाठण्याची त्याला संधी होती.

१४. संप, टाळेबंदी आणि कोविड यांमुळे ओवेच्किनचे किती नुकसान झाले?

२००४ मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या क्रमांकाने निवडला जाऊनही मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि त्याचे पदार्पण ५ ऑक्टोबर २००५ पर्यंत लांबले. त्या सामन्यात त्याने दोन गोल केले. २०१२-१३ चा हंगाम ४८ सामन्यांचा झाला आणि २०२०-२१ चा ५६ सामन्यांचा, तर २०१९-२० चा हंगाम मध्येच थांबला. शंभराहून अधिक सामने असे गेले. ग्रेट्झ्कीचाही १९९४-९५ चा हंगाम ४८ सामन्यांवर आला होता. नुकसान दोघांचे झाले, ओवेच्किनचे बरेच अधिक.

१५. एकाच हंगामातील सर्वोत्तम कामगिरी कोणती?

बहुतेक जण ९२ म्हणतील. मी ब्रेट हलचे १९९०-९१ मधील ८६ गोल म्हणेन. त्या वर्षी सरासरी सुमारे ६.९ पर्यंत उतरली होती, त्यामुळे प्रश्न ७ मधील गणिताने हे ८६ गोल १९८१-८२ च्या मापात शंभराच्या घरात जातात. त्याहून बोलका आकडा हा की त्या हंगामात दुसऱ्या क्रमांकाचे गोल ५१ होते. ग्रेट्झ्कीच्या ९२ च्या मागे बॉसी ६४ वर होता. दुसऱ्याला ३५ गोलांनी मागे टाकणे हे एनएचएलमध्ये आणखी कोणालाही जमलेले नाही.

१६. महिला खेळाडूंमध्ये हा मान कोणाचा?

येथे कारकिर्दीतील एकूण गोलांची तुलना करता येत नाही, कारण महिलांच्या लीग निघाल्या आणि बंद पडल्या. कॅनडातील प्रमुख लीग २०१९ मध्ये बंद झाली आणि आजची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. म्हणून कसोटी ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांची. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत सर्वाधिक गोल अमेरिकेच्या हिलरी नाइटचे आहेत. मोक्याच्या क्षणाचे बोलायचे तर कॅनडाच्या मारी-फिलिप पुलँने २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ या चारही ऑलिंपिक अंतिम सामन्यांत गोल केला. असे स्त्री-पुरुषांत दुसऱ्या कोणीही केलेले नाही.

१७. इतके सगळे सांगून तुमचे उत्तर काय?

ओवेच्किन. त्याचे ८९७ गोल हे मुख्य कारण नाही. नऊ हंगामांत सर्वांच्या पुढे राहणे हे आहे, आणि तेही गोलरक्षक इतिहासात सर्वाधिक बलवान असताना. त्याच्याविरुद्ध तीन मुद्दे मी गंभीर मानतो: समसंख्येतील गोलांत ग्रेट्झ्की पुढे आहे, प्ले-ऑफमध्ये बॉसी सरस आहे, आणि ओवेच्किन एकूण फटकेच इतके मारतो की त्याचे सुमारे १३ टक्केच गोल होतात, तर बॉसीचे २१ टक्के होत. या तिसऱ्या मुद्द्यावर माझे म्हणणे असे की बचावाच्या गर्दीतून फटका मारण्याइतकी जागा वर्षानुवर्षे मिळवणे हीच या खेळातील सर्वांत अवघड कला आहे. रिशारच्या बहुतेक आणि होवच्या जवळपास निम्म्या कारकिर्दीत खेळाडूनिहाय फटके अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते, त्यामुळे या कसोटीवर त्यांना उभे करता येत नाही.

१८. ओवेच्किनचा विक्रम आता कोणी मोडेल का?

ग्रेट्झ्कीने २३ मार्च १९९४ रोजी होवचा ८०१ चा विक्रम मोडला तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर यायला ३१ वर्षे लागली. आज सर्वांत जवळचा दावेदार टोरांटोचा ऑस्टन मॅथ्यूज मानला जातो. २०२३-२४ मध्ये त्याने ६९ गोल केले, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, २०२४-२५ च्या अखेरीस, त्याचे ४०१ गोल झाले होते. म्हणजे त्याला वर्षाला ४० च्या गतीने आणखी साडेबारा हंगाम खेळावे लागतील. ओवेच्किनने ४० किंवा अधिक गोलांचे चौदा हंगाम केले आहेत. मॅथ्यूजचे मनगट आणि पाठ आतापासूनच दुखरी आहे.